मुंग्यांच्या वाट्या आणि डासांची जाळी

पनामा शहराजवळच्या अँकोन टेकडीच्या उतारावर फ्रेंच कालवा कंपनीने १८८२ साली एक मोठं रुग्णालय उघडलं. हवेशीर वॉर्ड, लांबच लांब व्हरांडे, सभोवती बाग आणि रुग्णांची सेवा करायला ख्रिस्ती जोगिणी. त्या काळच्या मानाने उष्ण कटिबंधातलं हे एक उत्तम इस्पितळ होतं. तिथे एकच मोठा त्रास होता, तो मुंग्यांचा. त्या खाटांवर चढत, रुग्णांना चावत आणि बागेतल्या झाडांची पानं कातरून नेत. त्यावर सोपा उपाय शोधला गेला. प्रत्येक खाटेचा प्रत्येक पाय पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवायचा, आणि बागेत झाडांच्या बुंध्यांभोवती मातीची गोल पन्हळं बसवून त्यांतही पाणी भरायचं. मुंगी सहसा पाणी ओलांडत नाही. काम फत्ते.

खिडक्यांना मात्र जाळ्या नव्हत्या.

पीतज्वर पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाच्या मादीला अंडी घालायला तळं, डबकं, दलदल असलं काही लागत नाही. तिला माणसाच्या घरातलं, लहानशा भांड्यातलं, बऱ्यापैकी स्वच्छ आणि न हलणारं पाणी आवडतं. अँकोनच्या वॉर्डात ते प्रत्येक खाटेखाली चार ठिकाणी होतं. वर खाटेवर रक्त, खाली पाळणा. पीतज्वराचा एखादा रुग्ण दाखल झाला की बाकीचं काम डास करत. वेगळ्याच कारणासाठी इस्पितळात आलेली माणसं तिथे पीतज्वराने मरत. फ्रेंचांचा कालव्याचा उद्योग १८८१ ते १८८९ असा चालला आणि कंपनीच्या दिवाळ्यात संपला. त्यात सुमारे २२,००० माणसं मेली असावीत असा नंतरचा अंदाज आहे. सगळी काही या भांड्यांमुळे मेली नाहीत. पण रोगाशी लढायला बांधलेल्या इमारतीतच रोगाची पैदास चालू होती, आणि तीही स्वच्छतेच्या नावाखाली, हे खरंच. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला रिग्रेशन म्हणतात: एक बग काढायला जावं आणि त्या दुरुस्तीतूनच दुसरा, जास्त मोठा बग जन्माला यावा.

या फ्रेंचांना हसण्याआधी आपली घरं आठवावीत. जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची पद्धत आपल्याकडे फ्रिज येईपर्यंत सर्रास होती, आणि काही घरांत अजून आहे. दूधदुभतं, गूळ, लाडवांचा डबा हे सगळं त्या कपाटात. वाटीतलं पाणी आटलं की वर ओतायचं. पाणी ओतून देऊन वाटी घासायची गरज कुणाला भासत नसे, कारण पाणी नेहमीच स्वच्छ दिसायचं. ज्यांच्याकडे कपाट नव्हतं त्यांच्याकडे शिंकं होतं. त्याने मुंगी आणि मांजर या दोन्ही शत्रूंचा एकाच दोरीवर बंदोबस्त व्हायचा. उंबऱ्याशी हळदीची रेघ, धान्यात कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात, संध्याकाळी दारात धुरी. या सगळ्या उपायांमागची कल्पना एकच: कीटक बाहेरून आत येतो, तेव्हा वाटेत अडथळा उभा करा. मुंग्यांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. मुंगीची रांग कुठून येते ते डोळ्यांना दिसतं, अगदी वारुळापर्यंत मागे जाता येतं. डासाचं तसं नाही. तो येताना कुणाला दिसत नाही, एकदम कानाशीच असतो. तो बाहेरूनच आला असणार असं आपण गृहीत धरतो, आणि हे गृहीतक या सगळ्या इतिहासात पुन्हा पुन्हा आडवं येतं.

उडणाऱ्या कीटकापुढे पाण्याचा खंदक व्यर्थ, तिथे कापड लागतं. इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटसने लिहून ठेवलंय की इजिप्तच्या पाणथळ भागातले कोळी दिवसा ज्या जाळ्याने मासे पकडत तेच रात्री अंथरुणाभोवती लावून झोपत. डासाला ग्रीकमध्ये ‘कोनोप्स’ म्हणत. त्यापासून डासांसाठी पडदे लावलेल्या पलंगाचं नाव ‘कोनोपेऑन’ आलं, पुढे लॅटिनमधून इंग्रजीत त्याची ‘कॅनपी’ झाली, आणि फ्रेंचमध्ये त्याचाच ‘कानापे’, म्हणजे आधी बैठकीचा कोच आणि मग कोचावर बसावं तसा पावाच्या तुकड्यावर बसलेला खाऊ. मोठ्या हॉटेलात तबकातून फिरणाऱ्या त्या चिमुकल्या पदार्थाचा पूर्वज मच्छरदाणी आहे. आपला शब्दही काही कमी गमतीदार नाही. अत्तरदाणीत अत्तर असतं, पिकदाणीत पिंक, आणि मच्छरदाणीत माणूस.

मच्छरदाणी शरीराला वाचवते. अख्खं घर वाचवायचं तर खिडकी झाकली पाहिजे, आणि खिडकी झाकली तर हवा आणि उजेड अडतो. या पेचावरचं उत्तर चाळणीच्या कारखान्यातून आलं. अमेरिकेत कनेटिकट राज्यात गिल्बर्ट अँड बेनेट नावाची कंपनी आधी घोड्याच्या केसांच्या आणि मग तारेच्या चाळण्या बनवत असे. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेतलं गिऱ्हाईक तुटलं आणि तारेची जाळी पडून राहिली. तेव्हा कारखान्यातल्या कुणीतरी सुचवलं की जाळीला गंजू नये म्हणून करडा रंग द्यावा आणि खिडक्यांसाठी विकावी, असं सांगतात. खिडकीला तारेची जाळी लावणारे ते पहिलेच होते असं नाही, पण इथून ती दुकानात गुंडाळीने मिळणारी वस्तू झाली. त्या वेळी ती घेणाऱ्यांच्या मनात मलेरिया नव्हता. जेवणाच्या ताटावर माशी बसू नये, रात्री कानाशी गुणगुण होऊ नये, एवढाच हेतू. जाळी ही सुखसोय होती.

(याच जाळीच्या उरल्यासुरल्या तुकड्यातून माशी मारायची थापीही जन्माला आली. १९०५ साली कॅन्सस राज्याचे आरोग्य अधिकारी सॅम्युअल क्रंबाइन यांनी माश्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा फ्रँक रोझ नावाच्या एका शिक्षकाने मोजपट्टीच्या टोकाला खिडकीच्या जाळीचा तुकडा ठोकून ती बनवली. सपाट फळीने माशी मरत नाही, कारण फळीपुढे ढकलली जाणारी हवा तिला आधीच सावध करते. जाळीतून हवा निघून जाते. ‘माश्या मारणे’ हा आपल्याकडे रिकामटेकडेपणाचा वाक्प्रचार असला तरी त्यात एवढं शास्त्र आहे.)

जाळीचा सगळा हिशोब भोकाचा आहे. इंचाला बारा-तेरा घरं, म्हणजे चौरस इंचाला १५६ भोकं, हे मच्छरदाणीच्या कापडाचं जुनं प्रमाण. त्यात भोक साधारण सव्वा मिलिमीटरचं राहतं. त्याहून मोठं भोक ठेवलं तर बारका डास अंग चोरून आत येतो. लहान ठेवलं तर वारा अडतो, आतला माणूस उकाड्याने हैराण होतो आणि शेवटी खिडकीच सताड उघडतो. घरं बारीक करत जावं तसा तारेनेच झाकलेला भाग वाढत जातो. हवा किती आणि डास किती, या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबावं लागतं.

पण हवा जाऊ देणारी आणि डास अडवणारी ही वस्तू १९०० साली अचानक विज्ञानाच्या फार कामी आली. ‘मलेरिया’ या शब्दाचा अर्थच मुळी इटालियन भाषेत वाईट हवा. दलदलीवरून येणारी दूषित हवा माणसाला ताप आणते, हा समज शेकडो वर्षांचा. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला एका डासाच्या पोटात मलेरियाच्या परजीवीच्या खुणा दिसल्या. तो डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावलेला होता, आणि त्या रुग्णाला दर डासामागे एक आणा मिळत होता. पुढच्या वर्षी रॉसने कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियाचं पूर्ण चक्र उलगडलं, आणि इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाचा मलेरिया ॲनोफिलिस डासातून येतो हे दाखवलं. तरी लोकांचा विश्वास बसेना. डास आणि दलदलीची हवा या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी आढळतात, मग गुन्हेगार कोण हे कसं ठरवायचं? त्यांना वेगळं करणारं साधन हवं होतं. ते दुकानात गुंडाळीने मिळत होतं.

त्या उन्हाळ्यात लंडनच्या पॅट्रिक मॅन्सनने लाकडी खोपटं इंग्लंडात बनवून घेऊन रोमजवळ ऑस्तियाच्या कुप्रसिद्ध दलदलीत उभं करवलं. दारंखिडक्यांना जाळी. सांबोन आणि लो हे दोन डॉक्टर, तेर्झी नावाचा चित्रकार आणि नोकर असे सगळे जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे राहिले. दिवसा ते आसपास मोकळे हिंडत, भिजत, चिखल तुडवत. सूर्य मावळायच्या आत खोपटात येत आणि उजाडेपर्यंत बाहेर पडत नसत. खिडक्या रात्रभर उघड्या, म्हणजे ती दलदलीची ‘वाईट हवा’ छातीभर घ्यायची. क्विनीन घ्यायचं नाही. भोवतालचे शेतमजूर तापाने फणफणत असताना खोपटातल्यांपैकी कुणालाही मलेरिया झाला नाही. त्याच सुमारास रोमहून मलेरियाग्रस्त डास पेटीत घालून लंडनला पाठवले गेले, आणि मॅन्सनच्या तरुण मुलाने ते स्वतःला चावून घेतले. लंडनच्या निरोगी हवेत बसून त्याला मलेरिया झाला. मुलाला या कामी लावणाऱ्या बापाबद्दल काय म्हणावं ते वाचकांनी ठरवावं. प्रयोग मात्र चोख होता.

तिकडे दक्षिण इटलीत कापाच्चोच्या मैदानात ग्रासीने हेच रेल्वे कामगारांवर, मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. जाळीच्या घरांत संरक्षित ठेवलेल्या ११२ जणांपैकी अवघ्या पाच जणांना मलेरिया झाला. संरक्षण नसलेल्या ४१५ जणांपैकी जवळजवळ कुणीच सुटलं नाही.

आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हवानाजवळ वॉल्टर रीडच्या पथकाने पीतज्वरासाठी सगळ्यात नेटका प्रयोग केला. पीतज्वर डासातून येतो हे कार्लोस फिनले हा क्यूबन डॉक्टर १८८१ पासून सांगत होता, म्हणजे पनामात फ्रेंचांचं काम सुरू झालं त्याच वर्षापासून. त्याचं कुणी ऐकत नव्हतं. रीडने दोन खोल्या बांधल्या. पहिलीत पीतज्वराच्या रुग्णांनी घाण केलेले कपडे आणि अंथरुणं आणून टाकली, आणि काही स्वयंसेवक वीस रात्री त्यांत झोपले. वास असह्य होता, पण आजारी कुणी पडलं नाही. दुसरी खोली स्वच्छ, निर्जंतुक केलेली. तिच्या मधोमध तारेची जाळी. एका बाजूला रुग्णांना चावलेले पंधरा डास सोडले आणि जॉन मोरान नावाचा तरुण तिथे जाऊन पडला. दुसऱ्या बाजूला, त्याच हवेत, हाताच्या अंतरावर, इतर स्वयंसेवक झोपले. नाताळच्या दिवशी मोरानला ताप चढला. जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले. घाण खोली निरोगी आणि स्वच्छ खोली रोगट, हा निकाल पचायला अवघड होता. स्वच्छता आणि कीटकांपासून सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अँकोनच्या जोगिणींना कुणी सांगितलं असतं तर त्यांनाही पटलं नसतं.

जाळी सिद्ध झाली, पण कुणासाठी? इटलीत रेल्वेच्या स्टेशनमास्तराच्या दगडी घराला दोन खिडक्या आणि एक दार असतं. तिथे जाळी बसते. रोमच्या आसपास हंगामी कामाला येणारे शेतमजूर गवताच्या झोपड्यांत, गुहांत, कधी उघड्यावर झोपत. जाळी लावायला आधी भिंत लागते. अँजेलो चेल्ली हा रोमन डॉक्टर-राजकारणी जाळ्यांचा मोठा पुरस्कर्ता होता, पण ही अडचण त्याला रोज दिसत होती. शेवटी इटलीच्या मलेरियाविरोधी मोहिमेचा मुख्य भार सरकारने पुरवलेल्या क्विनीनवर पडला. गोळी झोपडीतल्या माणसालाही देता येते.

पनामात १९०४ साली अमेरिकनांनी कालव्याचं काम हाती घेतलं तेव्हा विल्यम गोर्गस हा लष्करी डॉक्टर हवानात पीतज्वराचा नायनाट करून तिथे आला होता. त्याच्या मागण्यांत जाळी होती. पनामाच्या दमट, खाऱ्या हवेत लोखंडी तार काही महिन्यांत गंजते, म्हणून त्याला तांब्याची जाळी हवी. वरिष्ठांना हा सगळा छानछोकीचा खर्च वाटे. १९०५ च्या उन्हाळ्यात पीतज्वराची साथ आली, घाबरलेले अमेरिकन मिळेल त्या जहाजाने पळाले, मुख्य अभियंता वॉलेसही राजीनामा देऊन गेला. त्याच्या जागी आलेल्या जॉन स्टीव्हन्सने आधी खोदकाम थांबवलं आणि गोर्गसला हवं ते दिलं. घराघरांत गंधकाची आणि पायरेथ्रमची धुरी, इस्पितळांना आणि क्वार्टर्सना जाळ्या, साचलेल्या पाण्यावर तेल. नोव्हेंबर १९०५ मध्ये पनामा शहरात पीतज्वराने शेवटचा बळी घेतला.

या गोष्टीचं श्रेय सहसा जाळ्या, धुरी आणि गोर्गसचा लष्करी खाक्या यांना दिलं जातं. माझ्या मते त्यातली निर्णायक वस्तू तोटी होती. पनामा शहरात नळ नव्हते. पावसाचं पाणी प्रत्येक घरात पिंपांत, रांजणांत साठवलेलं असे. गोर्गसची माणसं घरोघर जाऊन पिंपं तपासत, झाकायला लावत, तेल ओतत. लोक चिडत, कारण पिण्याच्या पाण्यावर तेल कुणाला चालेल? मग शहराला नळाचं पाणी आलं आणि पिंपांची गरजच सरली. डास बाहेरून येत नव्हते, ते घरातल्या पिंपात जन्मत होते. आणि पिंप घरात का, याचं उत्तर घरात नव्हतं. नगरपालिकेत होतं.

जाळ्यांचं मात्र पनामातही तेच झालं. कालव्यावर पगाराच्या दोन याद्या होत्या, गोल्ड आणि सिल्व्हर. गोऱ्या अमेरिकनांना गोल्ड यादीवर पगार, आणि राहायला जाळीबंद व्हरांड्यांची घरं. बार्बाडोस-जमैकाहून आलेले हजारो काळे मजूर सिल्व्हर यादीवर. त्यांच्यातले अनेक जण पनामा आणि कोलोन शहरांतल्या दाटीवाटीच्या खोल्यांत भाड्याने राहत. कालव्याचं बरंचसं खोदकाम त्यांनी केलं. अमेरिकन मासिकांत छापून येणारे फोटो मात्र जाळीबंद व्हरांड्यात चहा पिणाऱ्या कुटुंबांचे.

मुंबईत हा सगळा मामला आणखी गुंतागुंतीचा झाला, कारण इथे पाण्याला देव होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत नव्या गोदीचं मोठं काम चालू होतं आणि फोर्ट भागात मलेरिया वाढत होता. मलेरिया म्हणजे खेड्यातला, दलदलीतला, भातखाचरांतला रोग. दगडी इमारतींच्या फोर्टात त्याचं काय काम? परळच्या प्रयोगशाळेत प्लेगाच्या पिसवांवर काम केलेल्या ग्लेन लिस्टनने इथला आरोपी डास ओळखला: ॲनोफिलिस स्टीफन्सी. १९११ साली चार्ल्स बेंटलीने मुंबईच्या मलेरियावर सविस्तर अहवाल दिला. या डासाचं घर कुठे, तर वाड्यांच्या आणि इमारतींच्या अंगणांतल्या विहिरींत, टाक्यांत, हौदांत. विहिरींचं पाणी गोडं, स्थिर, सावलीतलं. विहारचं पाणी १८६० मध्ये आणि तानसाचं १८९२ मध्ये शहरात आलं होतं. नळ आले तरी विहिरी तशाच राहिल्या होत्या. कुणी त्यांचं पाणी वापरासाठी घेई, कुणी पूजेसाठी, आणि कुणी मुळीच घेत नसे. त्या तशाच डोळा उघडून आकाशाकडे बघत पडल्या होत्या.

महापालिकेने विहिरी बुजवायचे किंवा घट्ट झाकायचे हुकूम काढायला सुरुवात केली आणि अर्जांचा पाऊस पडला. पारशांना धर्मविधींसाठी विहिरीचंच पाणी लागतं. चर्चगेटजवळची भिखा बेहरामची १७२५ ची विहीर आजही त्यांचं श्रद्धास्थान आहे. हिंदूंपैकी अनेकांना पूजेला सूर्यकिरण लागलेलं विहिरीचं पाणी हवं. शिवाय विहिरीत राहणारे पुण्यपुरुष, देवता, भुतं. त्यांना कोंडलं तर घरावर अरिष्ट येईल ही भीती सगळ्याच धर्मांच्या लोकांत. रुस्तम पेस्तनजी मसानी तेव्हा महापालिकेत अधिकारी होते, पुढे आयुक्त झाले. हे अर्ज आणि हरकती त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. दुसरा एखादा अधिकारी फायलींवर अंधश्रद्धेचा शेरा मारून मोकळा झाला असता. मसानींनी त्यातून विहिरींच्या लोकसाहित्यावर १९१८ मध्ये इंग्रजीत एक पुस्तकच लिहिलं. डासनिर्मूलनाच्या फायलीतून निघालेलं लोकसाहित्याचं दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही.

तडजोड निघाली ती पुन्हा जाळीचीच. धर्मासाठी पाणी लागणाऱ्या विहिरींना झाकणात बारीक तारेच्या जाळीचं दार ठेवायची मुभा मिळाली. ऊन आत जाईल, हवा आत जाईल, बाहेर यायचे असतील ते आत्मेही बिनदिक्कत येतील, आणि डासाची मादी तेवढी आत जाणार नाही. मला ही व्यवस्था फार आवडते. एरवी माणूस जाळीच्या आत बसतो आणि जग बाहेर ठेवतो. इथे जाळी पाण्याला लावली, आणि एका जाळीने अख्खी आळी सुरक्षित झाली. त्यात ज्यांच्या खिडक्यांना जाळी परवडत नव्हती तेही आले, आणि ज्यांना खिडकीच नव्हती तेही.

अर्थात जाळीचं दार वापरानंतर लावून घ्यावं लागतं, फाटलेली जाळी बदलावी लागते. हे काम वर्षानुवर्षं, कंटाळा न करता कुणीतरी करत राहावं लागतं. म्हणूनच डीडीटी आलं तेव्हा सगळे त्याच्या इतके प्रेमात पडले. बाझलच्या गायगी कंपनीत पाउल म्युलरने १९३९ मध्ये काचेच्या पेटीत माश्यांवर त्याचा प्रयोग केला. पेटी धुऊन काढल्यावरही नव्याने सोडलेल्या माश्या मरत राहिल्या. या शोधासाठी त्याला १९४८ चं नोबेल मिळालं. आता भिंतच शिकारी झाली. डास रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर विसावतो, तिथे डीडीटीचा थर असला की संपला. जाळी नको, झाकण नको, गवताची झोपडीही चालेल. मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ मध्ये कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत घरोघर फवारणीचा प्रयोग केला. १९५३ मध्ये देशभराचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखभरावर आली. आरोग्याच्या इतिहासात असे आकडे फार थोडे आहेत.

मग घर नावाच्या गोष्टीने पुन्हा आपलं म्हणणं मांडलं. मातीच्या भिंती औषध शोषून घेत. सणासुदीला बायका भिंती सारवत आणि फवारलेला थर शेणामातीखाली गाडला जाई. सारवणं हा त्यांच्यासाठी स्वच्छतेचा भाग, फवारणीवाल्यांसाठी डोकेदुखी. सुरुवातीला लोकांनी फवारणीचं स्वागत केलं त्यात मलेरियाइतकाच ढेकणांचा वाटा होता. ढेकूण आणि माश्या पटापट मरत. काही वर्षांत ढेकूण डीडीटीला पुरून उरले. पांढरे डाग भिंतीवर राहिले आणि ढेकूणही राहिले, तेव्हा लोकांनी दारं बंद करायला सुरुवात केली. डासही हळूहळू निर्ढावले. १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. आणि शहरांतल्या टाक्यांत वाढणाऱ्या स्टीफन्सीला तर खेड्यातल्या भिंती फवारून काही होणार नव्हतंच. शहरांसाठी १९७१ मध्ये वेगळी योजना करावी लागली, आणि ती पुन्हा पाण्यावर, झाकणांवर, अळीनाशकांवर आणि गप्पी माशांवर आली. बेंटलीच्याच वाटेवर.

घरात मात्र आपण वैयक्तिक उपायांची रांग लावत गेलो. फ्लिटचा पंप, गॅमेक्झिन, कासवछाप अगरबत्ती, मुंग्या-झुरळांसाठी लक्ष्मणरेखेचा खडू, मग मॅट, मग प्लगमधली बाटली, मग बॅटमिंटनच्या रॅकेटसारखी चटचट वाजणारी विजेची बॅट. जपानी कॉइलची गोष्ट तेवढी सांगण्यासारखी आहे. एइइचिरो उएयामाने शेवंतीच्या जातीतल्या पायरेथ्रमच्या फुलांची पूड घालून १८९० मध्ये सरळ उदबत्ती बनवली. ती तासाभरात संपे. ती गुंडाळून वेटोळं करावं हे त्याची बायको युकी हिने सुचवलं, आणि उदबत्ती रात्रभर पुरायला लागली. हल्ली पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटमध्ये ताबा मिळाला की पहिल्या आठवड्यात सरकत्या जाळ्यांचे मोजमापवाले येतात. घडीची जाळी, चुंबकाची जाळी, मांजराला न फाटणारी जाळी. मीही लावून घेतली आहे, आणि संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून काम करता येतं याचं मोल मी नाकारणार नाही.

पण डेंग्यूचा डास तोच अँकोनच्या इस्पितळातला एडिस आहे. पालिकेचा माणूस टॉर्च घेऊन घरी येतो तेव्हा तो खिडकीच्या जाळीकडे बघतही नाही. तो फ्रिजच्या मागचा ट्रे ओढतो, मनीप्लँटची बाटली बघतो, कुंड्यांखालच्या बशा उचलतो, गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण आणि ओव्हरफ्लोच्या नळीला बांधलेलं फडकं तपासतो. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवायची. आरोग्य खातं याला ‘कोरडा दिवस’ म्हणतं. घासायची अशासाठी की एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि पाण्याशिवाय महिनोन्‌महिने तग धरतात. ज्यांना चोवीस तास पाणी आहे त्यांना हे सोपं आहे. ज्या वस्तीत पाणी दिवसाला दोन तास येतं किंवा आठवड्याने टँकर येतो, तिथे भरलेलं पिंप ‘कोरडं’ करा असं सांगणाऱ्या माणसाला कुणी चहा विचारत नाही.

बेंटलीने मुंबईच्या विहिरींत शोधलेला स्टीफन्सी बराच काळ दक्षिण आशिया आणि आखाताकडच्या भागापुरता होता. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यांचा. तिथले डास डबक्यांत वाढतात, शहरं त्या मानाने सुरक्षित. २०१२ मध्ये जिबूती या बंदराच्या शहरात स्टीफन्सी सापडला. मलेरिया जवळजवळ नाहीसा झालेल्या त्या छोट्या देशात तो पुढच्या काही वर्षांत हजारोंनी वाढला. २०१६ मध्ये हा डास इथिओपियात दिसला, २०२२ मध्ये तिथल्या दिरे दावा शहरात कोरड्या ऋतूत मलेरियाची साथ आली आणि तपासात त्याचंच नाव निघालं. दिरे दावात नळाला रोज पाणी येत नाही. लोक ते पिंपांत आणि सिमेंटच्या हौदांत साठवतात.